नाताळच्या सुटीचे गुरुजी

नाताळच्या सुटीपूर्वींचे दोनचार दिवस शाळेंत कसे जातात हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. परीक्षा आटोपलेली असते, गुणांची धाकधूक कांहींच्या मनांत असते, बोर्डिंगांतील मुलें वळकट्या बांधून तयार असतात, आणि वर्गांत बसलेल्यांचें अर्धें लक्ष घंटेकडे लागलेलें असतें. शेवटची घंटा झाली म्हणजे कांहीं दिवस तरी पुस्तकांची व आपली गांठ पडूं नये, अशीच बहुतेकांची इच्छा. अशा वेळीं, सुटींत आणखी सहा व्याख्यानें ऐकावयास या, असें कोणीं सांगितलें तर आपण काय उत्तर देऊं, हें ज्यानें त्यानें आपल्या मनास विचारावें. परंतु एकोणिसाव्या शतकांत लंडन शहरीं असा एक मनुष्य होऊन गेला कीं, त्याचें बोलणें ऐकण्यासाठीं मुलें ऐन नाताळच्या सुटींत, डिसेंबरच्या थंडींत व धुक्यांत, मोठ्या हौसेनें जमत. त्याचें नांव मायकेल फॅरडे.

फॅरडेच्या शोधांची हकीगत पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत सांपडते. आपल्या घरांतील विजेचे दिवे ज्या तत्त्वावर उत्पन्न केलेल्या विजेनें लागतात तें तत्त्व त्यानें शोधून काढिलें, एवढें येथें सांगितलें म्हणजे पुरे. प्रस्तुत लेखांत पाहावयाचें आहे तें निराळें. ज्यास स्वतःला शाळेची सुटी म्हणून कधीं मिळाली नाहीं, त्यानें दुसऱ्यांच्या मुलांची सुटी कोणत्या रीतीनें साजरी केली, हें आम्हांस अधिक मनोवेधक वाटतें.

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजीं लंडनजवळ न्यूइंग्टन येथें झाला. बाप जेम्स हा लोहार. उत्तरेकडील वेस्टमोरलंड परगण्यांतून पोटासाठीं तो लंडनकडे आलेला होता. त्याची प्रकृति नाजूक. त्यामुळें भात्यापुढें उभें राहण्याचे दिवस थोडे आणि अंथरुणास खिळून राहण्याचे फार. पुढें हें कुटुंब लंडनांत घोड्यांच्या तबेल्यावरील खोल्यांत राहूं लागलें. १८०१ सालीं धान्य इतकें महाग झालें कीं, नऊ वर्षांच्या मायकेलास आठवड्यास एक पाव मिळे आणि तो त्यानें सात दिवस पुरवावयाचा असे.

त्याच्या शाळेविषयीं एक आख्यायिका आहे. लहानपणीं मायकेलला र हें अक्षर उच्चारतां येत नसे. थोरल्या भावाचें रॉबर्ट हें नांवसुद्धां त्याच्या तोंडीं भलतेंच होई. शाळेंतील बाई कडक होत्या. हा दोष छडीनें जाईल असें त्यांस वाटलें आणि त्यांनीं रॉबर्टच्याच हातीं अर्धा पेनी देऊन त्यास छडी विकत आणावयास पाठविलें! रॉबर्टनें तें नाणें भिंतीपलीकडे भिरकावून दिलें, थेट घर गांठलें व आईस सर्व प्रकार सांगितला. आईनें दोन्ही मुलांस त्या शाळेंतून काढून घेतलें. या गोष्टीचें तात्पर्य शिक्षकवर्ग एक काढील व विद्यार्थी दुसरें काढतील; आम्ही त्या वादांत पडत नाहीं. वाचन, लेखन आणि थोडे हिशेब एवढ्यावर मायकेलचें शिक्षण संपलें.

१८०४ सालीं, वयाच्या तेराव्या वर्षीं, तो ब्लँडफर्ड रस्त्यावरील जॉर्ज रीबो नांवाच्या पुस्तकविक्यापाशीं हरकाम्या म्हणून राहिला. त्या काळीं वर्तमानपत्रें महाग असत. रीबो तीं गिऱ्हाइकांस वाचावयास भाड्यानें देई. पहांटे पत्र एका घरीं पोंचवावें, तेथील वाचन झालें कीं परत घ्यावें व दुसऱ्या घरीं न्यावें, हें मायकेलचें काम. रविवारीं तर तो याहूनहि लवकर उठे; कारण घरच्या मंडळींबरोबर वेळेवर उपासनेस जातां यावें अशी त्याची इच्छा असे. वर्षभर त्याचें इमान पाहून रीबोनें त्यास १८०५ च्या ऑक्टोबरांत सात वर्षांच्या कराराची उमेदवारी दिली आणि शिकविण्याबद्दल एरव्हीं घेण्यांत येणारी रक्कम माफ केली.

हीं सात वर्षें म्हणजे मायकेलची जणूं शाळाच होती. पण या शाळेंत सहामाही नव्हती, वार्षिक परीक्षा नव्हती आणि वरच्या वर्गांत चढविण्याचा समारंभहि नव्हता. सरस, सुई, दोरा, चामडें व लांकडी दाब ह्या सामग्रींत दिवस उजाडे आणि मावळे. मात्र जीं पुस्तकें बांधावयास येत तीं मायकेल वाचूनहि पाही. एकदां ज्ञानकोशाचा एक भाग बांधावयास आला. त्यांत विद्युत् या विषयावर लेख होता. दुसऱ्यांदा मार्सेट नांवाच्या विदुषीनें रसायनशास्त्रावर संवादरूपानें लिहिलेलें पुस्तक हातीं आलें. वाचलेलें खरें कीं खोटें हें स्वतः करून पाहिल्याशिवाय त्याचें समाधान होत नसे. म्हणून हातीं येणाऱ्या चारदोन पेनींत जेवढे प्रयोग करणें शक्य तेवढे तो रात्रीं करी, आणि जुन्या मोडक्या वस्तूंच्या दुकानांतून एक कांचेची बाटली आणून तिचें त्यानें घर्षणानें वीज उत्पन्न करणारें यंत्र बनविलें. रीबोचेंहि कौतुक केलें पाहिजे. पोरगा पुस्तकें बांधतो कीं वाचतो, म्हणून ओरडणारा धनी त्यास भेटला असता तर?

रीबोच्या घरीं मास्केरिये नांवाचा एक फ्रेंच चित्रकार राहत असे. त्याच्या बुटांस पॉलिश करावें, खोली झाडावी, आणि त्याबद्दल त्यानें मायकेलास चित्रकलेचे धडे द्यावे असा दोघांचा करार झाला. १८१० सालीं टेटम नांवाचे एक गृहस्थ आपल्या घरीं सायंकाळीं शास्त्रीय विषयांवर व्याख्यानें देत. प्रत्येक व्याख्यानास एक शिलिंग फी पडे. उमेदवारास शिलिंग कोठला? पण रॉबर्ट आतां बापाच्याच धंद्यांत लागला होता; त्यानें आपल्या मजुरींतून धाकट्या भावाची फी भरली. छडीचा अर्धा पेनी भिरकावणारा रॉबर्ट तो हाच. त्याच वर्षीं बाप वारला.

१८१२ सालीं उमेदवारी संपत आली असतां दुकानाचे एक गिऱ्हाईक, डान्स नांवाचे गृहस्थ, यांनीं मायकेलास रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेंतील चार व्याख्यानांचीं तिकिटें दिलीं. व्याख्याते सर हंफ्रे डेव्ही. रसायनशास्त्रांत त्या वेळीं इंग्लंडांत त्यांच्या तोडीचें दुसरें नांव नव्हतें. मायकेल वरच्या सज्जांत घड्याळाच्या वर बसला व भराभर टांचण करूं लागला. घरीं आल्यावर तें सर्व त्यानें स्वच्छ अक्षरांत उतरून काढिलें, आकृत्या काढल्या आणि तीनशेंहून अधिक पानांचें तें पुस्तक स्वतःच्या हातानें बांधलें. फ्रेंच चित्रकाराच्या बुटांचें पॉलिश असें कामास आलें.

ऑक्टोबरांत करार संपला. मायकेल आतां पुरा कारागीर झाला आणि दुसऱ्या एका पुस्तक बांधणाराकडे नोकरीस राहिला. हा धनी तापट होता, व मायकेलचें मन तर त्या धंद्यावरून अगोदरच उडालें होतें. कसल्याहि हलक्या कामावर कां होईना, पण शास्त्राच्या सेवेंत शिरावें असें त्यास वाटे. त्यानें रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांस अर्ज पाठविला. त्याचें उत्तरच आलें नाहीं. तेव्हां डिसेंबर महिन्यांत त्यानें धीर करून डेव्हीसाहेबांस पत्र लिहिलें व सोबत तें बांधलेलें पुस्तक पाठविलें.

उत्तर आलें तें २४ डिसेंबर १८१२ रोजीं, म्हणजे नाताळच्या आदल्या दिवशीं. साहेबांनीं पुस्तकाची तारीफ केली होती, आपण बाहेरगांवीं जात असून जानेवारीअखेर परत आल्यावर भेट घेऊं असें कळविलें होतें. लोहाराच्या घरांत त्या नाताळांत याहून मोठी भेट आली नसेल. पण भेटीचा दिवस उजाडला तेव्हां डेव्हीसाहेबांनीं कोणती जागा दिली? कोणतीच नाहीं. जागा रिकामी नव्हती. शास्त्र ही मोठी कठोर धनीण आहे, पैसा तींत नाहीं, तेव्हां हातचा धंदा सोडूं नये, असाच उपदेश त्यांनीं केला. उपदेश शहाणपणाचा होता; आमच्यांतील कोणीहि पालकानें तोच केला असता.

थोड्याच दिवसांत प्रयोगशाळेंतील मदतनीस मारामारी करून नोकरीस मुकला. एका रात्रीं मायकेल निजण्याच्या तयारींत असतां दारावर जोराची थाप पडली. खिडकींतून पाहतों तों रस्त्यावर गाडी उभी व हुजऱ्याच्या हातीं डेव्हीसाहेबांची चिठ्ठी. १ मार्च १८१३ रोजीं त्याची नेमणूक झाली: आठवड्यास पंचवीस शिलिंग पगार, संस्थेच्याच इमारतींत माळ्यावर दोन खोल्या, आणि त्याखेरीज जळणास कोळसा व उजेडास मेणबत्त्या.

पुढील प्रवास येथें थोडक्यांतच सांगूं. १८१३ ते १८१५ या काळांत डेव्हीसाहेबांबरोबर तो युरोपभर हिंडला. मोठमोठे शास्त्रज्ञ त्यास पाहावयास मिळाले, पण डेव्हीबाईसाहेब त्यास नोकरासारखें वागवीत व त्याचा त्यास फार मनस्ताप झाला. परत आल्यावर तो एकेक पायरी चढत गेला. १८२१ सालीं त्याचा सारा बर्नार्ड हिच्याशीं विवाह झाला. १८२५ सालीं तो प्रयोगशाळेचा संचालक झाला आणि २९ ऑगस्ट १८३१ रोजीं त्यानें लोहचुंबकाच्या साहाय्यानें वीज उत्पन्न करण्याचा तो जगप्रसिद्ध प्रयोग केला. व्यापाऱ्यांस सल्ला देऊन त्यास अपार पैसा मिळवितां आला असता. तो त्यानें सोडला. सरदारकीचा मान व रॉयल सोसायटीचें अध्यक्षपद हीं दोन्हीं त्यानें नाकारलीं. ज्या माळ्यावर प्रथम आला त्याच इमारतींत त्यानें चाळीसांहून अधिक वर्षें काढलीं.

आतां नाताळच्या व्याख्यानांकडे वळूं. मुलांना सुटींत शास्त्रीय विषय प्रयोगांसह समजावून द्यावे, ही प्रथा रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें १८२५ सालीं सुरू झाली. पहिलीं व्याख्यानें जॉन मिलिंग्टन यांनीं दिलीं. १८२७ च्या नाताळांत रसायनशास्त्रावर बोलण्यास फॅरडे उभा राहिला, आणि तेव्हांपासून १८६० पर्यंत एकूण एकोणीस वेळां त्यानें हें काम केलें. (महायुद्धाचीं १९३९ ते १९४२ हीं वर्षें वगळल्यास ही व्याख्यानमाला आजवर चालू आहे, आतां ती घरोघर दूरचित्रवाणीवरहि दिसते.)

मुलांपुढें बोलणें सोपें असतें अशी कांहींची समजूत आहे. फॅरडेची तशी नव्हती. तरुणपणींच त्यानें बेंजामिन स्मार्ट नांवाच्या शिक्षकाकडे वक्तृत्वाचे धडे घेतले होते. लहानपणचा र-काराचा दोष तो विसरला नव्हता. आपण घाईनें बोलतों हें त्यास माहीत होतें, म्हणून सावकाश हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहिलेलें कार्ड तो समोर ठेवी. तरीहि जीभ धांवूं लागली तर मदतनिसानें तें कार्ड पुढें सरकवावें अशी ताकीद असे. तास संपत आल्याची आठवण देण्यासाठीं दुसरें एक कार्ड होतें. आणि प्रयोगावांचून विधान करावयाचें नाहीं हा तर त्याचा बाणाच होता. मोठ्या विद्युच्चुंबकाची शक्ति मुलांस दाखवावयाची असतां त्यानें शेगडीजवळची कोळशांनीं भरलेली लोखंडी बादली, सळई व चिमटा एकामागून एक त्या चुंबकावर फेंकलीं, व तीं मोठा आवाज होऊन तेथेंच चिकटलीं. असा धडा कोण विसरेल?

त्याच्या सर्व व्याख्यानांत मेणबत्ती या विषयावरील सर्वांत गाजलीं. हा विषय त्यानें १८४८ च्या नाताळांत घेतला व पुनः १८६० मध्यें. एवढा मोठा शास्त्रज्ञ, चुंबक व विद्युत् यांचा स्वामी. पण मुलांपुढें त्यानें दोन पैशांची मेणबत्ती ठेवली आणि सहा दिवस ती पुरविली!

मेणबत्ती पेटली म्हणजे तिच्या माथ्यावर वितळलेल्या मेणाची वाटी तयार होते. आंत पातळ मेण, आणि कांठ मात्र घट्ट. कांठ कां वितळत नाहींत? ज्योतीनें तापलेली हवा वर जाते, तिच्या जागीं चोहोंकडून थंड हवा येते, आणि ही थंड हवा कांठांस निववीत जाते. नक्षीच्या, वेड्यावांकड्या आकाराच्या सुंदर मेणबत्त्या दुकानांत मिळतात. त्यांभोवती हवा सारखी खेळत नाहीं, म्हणून त्यांची वाटी फुटते व मेण गळतें. दिसण्यांत सुरेख तें कामांत सुरेख असतेंच असें नाहीं, हें त्यानें असें दाखविलें. मग पातळ मेण वातींतून वर चढतें कसें? येथें त्यानें मिठाचा एक खांब बशींत उभा केला व बशींत निळें रंगविलेलें मिठाचें पाणी ओतलें. निळा रंग हळूहळू खांबांतून वर चढूं लागला. आपल्याकडील समईची वात तेल ओढून घेते ती याच केशाकर्षणानें.

नंतर त्यानें ज्योत हलकेंच विझविली. वातीपासून पांढरट वाफेची रेघ वर निघाली. तिच्याजवळ दोनतीन इंचांवर पेटती काडी धरतांच आग त्या वाफेंतून धांवत येऊन वात पुनः पेटली! म्हणजे जळतें तें मेण नव्हे, मेणाची वाफ जळते. ज्योतीच्या काळसर भागांत कांचेची वांकडी नळी धरून त्यानें ती वाफ दुसऱ्या टोंकाशीं आणली व तेथेंहि पेटवून दाखविली. ज्योतीचा उजेड तींत तापलेल्या कोळशाच्या सूक्ष्म कणांमुळें पडतो. तेच कण थंड झाले कीं त्यांस आपण काजळी म्हणतों. बर्फ व मीठ घातलेलें थंडगार भांडें ज्योतीवर धरलें तर त्याच्या बुडाशीं थेंब जमतो, आणि तो पाणी आहे हें त्यानें पोटॅशियम धातूच्या तुकड्यानें सिद्ध केलें. पाण्याचा स्पर्श होतांच तो धातु पेट घेतो. अग्नींतून पाणी निघतें हें ऐकून कोणाहि मुलास हंसूं येईल. पण येथें तें डोळ्यांपुढें टपकत होतें.

शेवटच्या व्याख्यानांत गाडी मेणबत्तीवरून आपणांवर आली. जळणाऱ्या मेणबत्तीवरील हवा चुन्याच्या निवळींत सोडली कीं निवळी दुधासारखी पांढरी होते. तो कर्बाम्लवायूचा गुण. मग फॅरडेनें त्याच निवळींत नळीनें आपला श्वास सोडला, आणि ती तशीच पांढरी झाली. आपण खातों त्या अन्नांतील कोळसा आपल्या शरीरांत अहोरात्र प्राणवायूशीं संयोग पावत असतो; एक माणूस चोवीस तासांत सात औंसांपर्यंत कोळसा अशा रीतीनें खर्च करतो, असा हिशेब त्यानें मांडला. वनस्पति तोच वायु शोषून घेऊन त्यांतील कोळशाचें पुनः लांकूड व पान बनवितात. त्या सायंकाळीं घरीं गेलेल्या मुलांनीं जेवणाच्या टेबलावरील मेणबत्तीकडे कोणत्या दृष्टीनें पाहिलें असेल!

पुढच्या बांकांवर बहुधा सुखवस्तु घरांतील मुलें असत, हें खरें. २७ डिसेंबर १८५५ रोजीं तर राणीचे पति प्रिन्स अल्बर्ट हे आपल्या दोन मुलांस, चौदा वर्षांच्या युवराजास व अकरा वर्षांच्या आल्फ्रेडास, घेऊन आले होते. धातूंवरील त्या व्याख्यानाचें अलेक्झांडर ब्लेकलीनें काढलेलें चित्र प्रसिद्ध आहे. परंतु पुस्तक बांधणाराच्या दुकानांतील पोरास तिकिटाचे पैसे कोठून मिळणार, हें सज्जांत बसून शिकलेल्या त्या वक्त्याहून अधिक कोणास ठाऊक असणार? पहिल्या मेणबत्तीच्या व्याख्यानांचीं टिपणें चार्लस डिकन्स यांनीं मागून घेतलीं, आणि त्यांवरून १८५० सालीं त्यांच्या साप्ताहिकांत लेख आला. दुसऱ्या वेळचीं व्याख्यानें विल्यम क्रुक्स यांनीं लिहून घेऊन १८६१ सालीं छापलीं. तें लहानसें पुस्तक नंतर अनेक भाषांत गेलें. सज्जाबाहेरच्या मुलांपर्यंत मेणबत्ती अशी पोंचली.

फॅरडेस मूलबाळ नव्हतें. बायकोच्या व आपल्या भाचरांवर त्याची माया असे, व त्यांतल्या कांहीं मुली त्याच्याच घरीं वाढल्या. १८६२ सालीं इंग्लंडांतील मोठमोठ्या शाळांच्या चौकशीसाठीं नेमलेल्या सरकारी मंडळापुढें त्याची साक्ष झाली. त्या शाळांत ग्रीक व लॅटिन यांस सर्व वेळ जाई आणि सृष्टिज्ञान बहुतेक शिकवीतच नसत. सुशिक्षित म्हणविणारे लोक या विषयांत किती अज्ञ असतात याचा त्यानें खेद दर्शविला, आणि साधेपणानें समजावून दिलेला प्रयोग ज्यास कळत नाहीं असा मुलगा आपणांस आढळला नाहीं, असें सांगितलें. स्वतः तेराव्या वर्षीं शाळा सुटलेल्या माणसाचें हें मत होतें.

त्यापूर्वींच त्याची स्मरणशक्ति त्यास सोडून जाऊं लागली होती. सुमारें १८४० पासूनच त्यास घेरी येई व अलीकडची गोष्ट आठवत नसे. १८६१ च्या ऑक्टोबरांत त्यानें संस्थेच्या चालकांस पत्र लिहून मुलांच्या व्याख्यानांचें काम सोडलें. श्रोत्यांनीं दोष काढण्याची त्यानें वाट पाहिली नाहीं. राणीनें १८५८ सालीं हँप्टन कोर्ट येथें राहावयास घर दिलें होतें; तेथें २५ ऑगस्ट १८६७ रोजीं, अभ्यासाच्या खोलींत खुर्चीवर बसला असतांच, त्याचें देहावसान झालें. अंत्यविधि अगदीं साधा व्हावा अशी त्याची इच्छा होती. त्याप्रमाणें हायगेट येथील स्मशानभूमींत घरच्या माणसांसमक्ष त्यास मूठमाती देण्यांत आली.

त्याच वर्षीं डिसेंबरांत शाळांस सुटी लागली आणि मुलें नेहमींप्रमाणें अल्बेमार्ल रस्त्यावरील त्या इमारतींत आलीं. टेबलामागें जॉन टिंडल उभा होता. विषय होता उष्णता व शीत.